मोठी आई

"मोठी आई, तुम्ही काय घ्याल?"

रंजीतानं हसत विचारलं आणि बैठकीतली सगळी माणसं खो खो हसली. दाराजवळच्या चटईवर बसून सुपारीच्या पुड्या बांधणाऱ्या भागीरथेचे हात थबकले. पोरीच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती, उलट मायाच होती. पण विषय होता रिसेप्शनच्या दारूचा, आणि डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या नदीपलीकडच्या एका म्हातारीला 'तुम्ही काय घ्याल' असं विचारायचं म्हणजे गंमतच की! भागीरथाही हसली. गेल्या दोन वर्षांत ती एवढं शिकली होती, की सगळे हसले की आपणही हसायचं... आत काय तुटतं ते आतच ठेवायचं.

"मले निंबूचं पाणी चालते बाई," ती म्हणाली.

"लिहा हो, मोठ्या आईचं नाव मॉकटेलात लिहा!" गुणवंतराव गरजले आणि पुन्हा एकदा हशा पिकला.

गुणवंतराव म्हणजे रंजीताचे वडील, गोंडपिपरीचे राइस मिलवाले. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि एकुलत्या एका लेकीच्या लग्नात कशाला म्हणून कमी पडू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. मांडवाचं ठरलं होतं, जेवणाचं ठरलं होतं, राहिला होता तो बार. त्यासाठी चंद्रपूरहून सुरज नावाचा बार सर्व्हिसवाला आला होता आणि चकचकीत प्लास्टिकमध्ये मढवलेलं पेयांचं कार्ड टीपॉयवर पसरून, मुहूर्त सांगणाऱ्या भटजीच्या गांभीर्यानं, एकेक गोष्ट समजावून देत होता.

"काउंटर दोन राहतील काका. एक हार्ड, एक सॉफ्ट. हार्डवर व्हिस्की, रम, व्होडका, बीअर. सॉफ्टवर बायाइसाठी अन् लेकराइसाठी मॉकटेल... निळं, हिरवं, जसं म्हणाल तसं. बर्फ आमचा, ग्लास आमचे, एक दिवसाचा परवानाबी आम्हीच काढतो. फक्त एक सांगा, गडचिरोलीकडचे पाहुणे किती हायेत?"

"काऊन? त्याइचे ग्लास वेगळे ठेवतं का?"

"तसं नाई काका. तिकडं बंदी हाय ना! तिकडचा माणूस पूल ओलांडून आला का डबल घेते. आमी अंदाजच तसा धरतो."

यावर तर गुणवंतरावांना हसता हसता ठसका लागला. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. वैनगंगेवरचा तो एक पूल... पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथं तीस वर्षांहून जास्त काळ दारूबंदी. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथं मधली काही वर्षं बंदी आली आणि पुन्हा उठली. तीच बाटली पुलाच्या एका टोकाला गुन्हा आणि दुसऱ्या टोकाला पाहुणचार! शहाण्यांनी केलेले कायदे, त्यावर आपण काय बोलावं? पण भागीरथेचं अवघं आयुष्य पुलाच्या गुन्ह्याच्या टोकाला गेलं होतं.

"हे सगळं राहू द्या तुमचं," गुणवंतरावांनी कार्ड बाजूला सारलं. "माझे नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले. इंग्रजी तर ते रोजच घेते. त्याइले आपल्या जंगलातली चीज दाखवा लागते. मोहाची! अन् तीबी पहिल्या धारेची."

पहिल्या धारेची, म्हणजे भट्टीतून सर्वांत आधी उतरते ती. निर्मळ आणि जहाल. सुरजनं मान हलवली.

"ते आमच्या परवान्यात नाई बसत काका. तुमी आणली तर बाजूच्या टेबलावर ठेवू. आमी पाह्यलीच नाई."

"जावईबापू आणते ना!" गुणवंतरावांनी कोचावर बसलेल्या आदेशच्या खांद्यावर थाप मारली. "तुमी तर नदीपलीकडचेच. पंधराएक वर्षांमांगं तुमच्या तिकडं एक मासोळीवाली होती. काय हात होता बाईचा! बाटलीत पाणी दिसे, नुसतं पाणी... आमी दोस्त लोकं डोंग्यात बसून जात होतो तिच्याकडं. मंग म्हणते पोलिसाइनं धरली, पेपरात फोटोबी आला. अंधारात तोंड काई धड पाह्यलं नाई, अन् नावबी आठवत नाई आता. तसली आणून दाखवा, मंग मानू तुमाले!"

भागीरथेच्या हातातली पुडी सुटली आणि सुपारी चटईभर सांडली. कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त आदेशनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चटका बसावा तशी नजर वळवली.

"आणतो ना बापूजी," तो म्हणाला.

ती मासोळीवाली म्हणजे भागीरथाच होती. आणि इस्त्रीच्या शर्टात समोर बसलेला, तालुक्यात नुकताच तलाठी म्हणून लागलेला, तिला चारचौघांत 'मोठी आई' म्हणणारा तो आदेश तिचा पुतण्या नव्हता... तो तिच्या पोटचा मुलगा होता!

तिचा नवरा मनसाराम जाळं घेऊन पुराच्या नदीत उतरला तो परत आलाच नाही, तेव्हा आदेश तीन वर्षांचा होता. नुसत्या मासोळ्यांवर दोन पोटं भरेनात. मग तिनं नाल्याच्या काठी भट्टी लावली. मोहफुलं सडवायची, जाळ घालायचा, धार धरायची. पोलिस आले की अंगावरच्या लुगड्यानिशी चौकीत जाऊन बसायचं, आणि सुटून आल्यावर आधी लेकराची वही आली की नाही ते बघायचं. गावात बायका तिला शिव्या घालत आणि त्यांचेच नवरे तिच्या दारात रांग लावत. त्यातलाच एक लच्छू. शेजारच्या सुकरीचा नवरा. तो एका सकाळी तळ्याच्या पाळीवर मरून पडलेला सापडला. सुकरी ओरडली नाही, भांडली नाही, भागीरथेच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "भागी, तो काल तुझ्याच घरून आला होता वो."

त्या दुपारी पंधरा वर्षांच्या आदेशनं लोखंडी सब्बल घेऊन भट्टीचा चुराडा केला. भागीरथेनं त्याला अडवलं नाही. ती सुकरीला घेऊन नदीवर गेली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि वैनगंगामायची आन घेतली, की या हातानं पुन्हा भट्टी लावणार नाही. चौदा वर्षं तिनं ती आन पाळली. मासोळ्या विकल्या, दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवलं, पण पाळली. सुकरी पुढं गावच्या दारूबंदी संघटनेची मुख्य झाली. तिनं भागीरथेला नुसती क्षमा केली नाही, बहिणीसारखं जवळ केलं, आणि आपल्या अपराधाचं ओझं थोडं तरी हलकं झालं असं भागीरथेला त्या एका माणसामुळं वाटे.

आणि 'मोठी आई'? ते अगदी साधं घडलं. दोन वर्षांपूर्वी गुणवंतराव घर पाहायला आले, तेव्हा ती ओल्या लुगड्यानं मासोळ्यांची टोपली उतरवत होती. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं. आदेशच्या डोळ्यांपुढं पेपरातला तो फोटो आला असेल, पोलिस आले असतील, शाळेत पोरांनी 'दारूवालीचा' म्हणून मारलेली हाक आली असेल... त्याच्या तोंडून निघून गेलं, "मोठी आई. माझ्या मोठ्या बाबाची बायको. आई तर माझी लहानपणीच गेली." भागीरथेनं टोपली खाली ठेवली आणि मान डोलावली. एक शब्द! पण एकदा गेलेला शब्द परत कसा घ्यायचा? लग्नपत्रिकेत 'कै. मनसाराम यांचे चिरंजीव' एवढंच आलं. ती स्वतःची समजूत घालत असे, की मोठी आई म्हटलं तरी त्यात 'आई' आहेच ना... आणि तेवढ्या अर्ध्या शब्दावर ती अभागिनी दिवस काढत होती.

सुरज कार्ड गुंडाळून गेला आणि मंडळी चहाला उठली, तेव्हा आदेश मागच्या छपरीत तिच्याजवळ आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आई."

दोन वर्षांत पहिल्यांदा! भागीरथेचं अंतःकरण असं भरून आलं, की पुढं तो काय मागणार आहे ते कळूनही तिला ते ऐकू येईना.

"आई, मोहाची एक डबकी फक्त. एकदाच. तुले जमन का?"

"गंगामायची आन हाय आदेश मले. तूच फोडली होती ना भट्टी? तुझ्याच हातानं?"

"माहीत हाय मले. पण तू ऐकलं ना, सगळ्याइसमोर बोलले ते. विकत आणली तर त्यात युरिया राहते का काय राहते, पाहुणे मरतील. तुझ्याच हाताची पायजे." तो तिच्यापुढं उकिडवा बसला. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. "आई, मी ठरवलं हाय. त्या दिवशी बापूजी खुशीत असले का तुले स्टेजवर बोलावतो. माइक घेतो अन् सांगतो, का मोठी आई नाई, ही माझी आई हाय, म्हून. आता मलेच सहन नाई होत हे."

"अन् तेच मासोळीवाली, हेबी सांगशीन?"

"ते... ते हळूहळू सांगू ना," तो म्हणाला, आणि जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "फक्त एक ध्यानात ठेव. कुठी धरलं-बिरलं तर माझं नाव घेऊ नको. नोकरी अजून पक्की नाई झाली माझी. गुन्ह्यात नाव आलं का त्याच दिवशी घरी बसवते."

"आईले हे सांगा लागते का बापा?" भागीरथा म्हणाली.

घरी येऊन तिनं मडकी धुतली. चैताच्या दिवसांत वेचून वाळवलेली मोहफुलं घरात होतीच. भाकरीत घालायला म्हणून ठेवलेली. ती भिजत घातली. चौथ्या-पाचव्या दिवशी सडवा खदखदायला लागला, आणि त्या वासानं चौदा वर्षांची झाकलेली सगळी पापं उघडी होऊन तिच्यापुढं उभी राहिली. लच्छूचं हसू, त्याचं ते 'भागीबाई, अजून एक' म्हणणं... ती कानांवर हात ठेवी. पण दुसऱ्याच क्षणी तिला दिव्यांनी लखलखलेली स्टेज दिसे, कोचावरून उठलेला आदेश दिसे, आणि शेकडो माणसांसमोर तो शब्द ऐकू येई. एका शब्दासाठी बाई एवढी व्याकूळ होते? होते. ज्याला तो रोज फुकट मिळतो त्याला हे कळायचं नाही!

रिसेप्शनच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सारं गाव उन्हाला भिऊन आडवं झालेलं असताना, तिनं नाल्याच्या काठी तीन दगड मांडून जाळ घातला. हात काहीच विसरले नव्हते. जाळ किती, वरच्या भांड्यातलं पाणी कधी बदलायचं, पहिली धार कुठं तोडायची... सगळं हातांना पाठ होतं. धार बाटलीत उतरली, पाण्यासारखी नितळ. तिनं ती डबकीत, झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, ओतली. मान वर केली तर समोर सुकरी उभी होती.

"वास आला मले," सुकरी म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता, की भागीरथेला तिनं ओरडावं असं वाटलं. "मले वाटलं, सडवा दुसऱ्या कोणाचा असंल. भागी, तू?"

भागीरथेनं डबकी पदरामागं सारली.

"कोणासाठी लावली? कोणं सांगतलं तुले? एक नाव सांग, मी पाहीन त्याच्याकडं."

जिभेच्या टोकावर नाव आलं होतं. ते सांगितलं असतं तर सुकरीनं तिला कुशीत घेतलं असतं... पण मग ते नाव संघटनेच्या बैठकीत गेलं असतं, बैठकीतून चौकीत गेलं असतं. "कोणं नाई सांगतलं," ती म्हणाली. "मीच लावली. विकाले."

"विकाले!" सुकरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "पोराच्या लग्नाच्या टायमाले? अगं, माझं कुंकू ह्या वासात गेलं. तरी मी तुले माफ केलं. तुझ्या ताटात जेवली मी भागी! लोकं म्हणे, दारूवाली बदलत नसते. मी सगळ्याइसंग भांडली तुझ्यासाठी. आता मी कोणाले तोंड दाखवू, सांग ना?"

भागीरथेनं तिचे पाय धरायला हात पुढं केले, पण सुकरी मागं सरली. "नोको. त्या हातानं नोको शिवू मले," ती म्हणाली आणि नाल्यातून वर चढून निघून गेली.

डबकी तिथंच उपडी करता आली असती. भागीरथा तिच्याकडे बघत कितीतरी वेळ बसली. नवरा नदीनं नेला, मैत्रीण आज आपल्याच हातानं गेली, आन मोडली ती वेगळीच. आता उरलं काय? उद्या संध्याकाळचा तो एक शब्द... तिनं डबकीचं झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती निघाली. टोपलीत खाली डबकी, वर पळसाची पानं, त्यावर मासोळ्या. रंजीतानं दिलेली अंजिरी साडी पिशवीत घडी करून घेतली होती. पूल ओलांडला की कुणाच्या तरी घरी बदलायची असं ठरवलं होतं. ऑटोवाल्यानं तिला पुलाच्या तोंडाशी उतरवलं, कारण पुढं पोलिसांची चौकी होती आणि गाड्यांची रांग लागली होती. ती पायीच चालू लागली. मासोळीवालीला आजवर कुणी अडवलं नव्हतं.

"ओ बाई, टोपली खाली ठेवा."

जमादारानं मासोळ्या चाळवल्याही नाहीत, सरळ पानांखाली हात घातला. म्हणजे माहिती पक्की होती. माहिती कुणी दिली ते भागीरथेला त्या क्षणीच कळलं, आणि नवल असं, की तिला राग आला नाही. सुकरीनं बरोबरच केलं, एवढंच तिच्या मनात आलं.

"वा!" जमादार डबकीचा वास घेत शिपायाला म्हणाला. "नोकरीत इतकी वर्षं झाली, सारी दुनिया तिकडून इकडं दारू आणते. इकडून तिकडं नेणारी ही पहिलीच बाई पाह्यली मी!"

शिपाई हसले. ते हसत असताना भागीरथेनं पदराआड हात नेला, कमरेचा फोन काढला आणि पुलाच्या कठड्यावरून खाली सोडून दिला. त्यात बैठकीपासूनच्या नऊ दिवसांतले आदेशचे सगळे फोन होते. उन्हाळ्यातलं पाणी फार नव्हतं, पण फोन बुडायला पुरेसं होतं.

चौकीत तिला बाकावर बसवलं. जमादार समोर कागद घेऊन बसला. हा माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं.

"कोणासाठी नेऊन राह्यली होती?"

"विकाले."

"गोंडपिपरीत आज मोठं रिसेप्शन हाय म्हणते. तिथी तर नाई?"

"मले काय माहीत साहेब, कोणाचं काय हाय. बाजारात नेत होती."

"घरी कोण कोण?"

"कोणी नाई. नवरा नदीत गेला."

"मूलबाळ?"

किती सोपा प्रश्न! या प्रश्नाचं उत्तर लाजत, अभिमानानं, पदर सावरत देता यावं म्हणून तर ती आज घरून निघाली होती. संध्याकाळी स्टेजवर कुणीतरी विचारलं असतं, 'हे चिरंजीव का तुमचे?' आणि ती म्हणाली असती...

"नाई," ती म्हणाली.

जमादारानं लिहून घेतलं.

दिवे लागले. आता गोंडपिपरीत रिसेप्शनच्या लॉनवरही लागले असतील. सुरजनं काउंटर मांडले असतील. एकीकडे बर्फ फोडला जात असेल, दुसरीकडे ते निळं-हिरवं सरबत. रंजीता स्टेजवर बसली असेल आणि मोठी आई अजून आली नाही म्हणून विचारत असेल. पोर चांगली आहे... सुखात ठेवील त्याला. भागीरथा हे असं स्वतःशी बोलत होती, तोच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, कुणीतरी धावत पायऱ्या चढलं, आणि दारात आदेश उभा राहिला. अंगावर निळा सूट, हातांवरची हळद अजून तशीच, चेहरा प्रेतासारखा पांढरा! त्याच्या मागं सुकरी.

"भागी!" सुकरीनं हंबरडा फोडला. "मले माहीत नव्हतं वो... मी लॉनवर जेवाले गेली होती. त्याचा सासरा त्याले विचारून राह्यला होता, का डबकी आली का म्हून. तवा समजलं मले. काऊन नाई सांगतलं तू? नाव काऊन नाई सांगतलं?"

आदेशला मात्र दुसरं काहीच दिसत नव्हतं. बाकावर बसलेली, मासोळ्यांच्या वासाची, कुणीच नसलेली ती बाई तेवढी दिसत होती. या बाकावर ती किती वेळा बसली असेल आणि कुणाच्या वह्यांसाठी बसली असेल, ते त्याला आज, एकोणतिसाव्या वर्षी, कळलं.

"साहेब," त्याचा आवाज फुटला, "सोडा तिले. ही माझी आई हाय! सख्खी आई हाय माझी. ती डबकी मीच..."

भागीरथेच्या काळजात आनंदाचा असा काही उमाळा आला, की तिला वाटलं आता इथंच प्राण जावेत. बोलला! सगळ्यांसमोर, मोठ्यानं, न लाजता बोलला! जमादारासमोर, शिपायांसमोर, सुकरीसमोर... स्टेज नव्हती, दिवे नव्हते, पण शब्द तोच होता. तो शब्द घट्ट धरून ठेवायला तिला एक क्षणही नव्हता. पुढचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं असतं तर जमादाराच्या कागदावर उतरलं असतं, आणि मग कुठली नोकरी, कुठला संसार?

"साहेब!" ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "हा कोण हाय? मी नाई ओळखत ह्याले."

"आई..."

"लग्नाच्या घरचा हाय, घेतली असंल जराशी. काईबाई बरळून राह्यला. माझं कोणी नाई साहेब. तुमी लिवलं ना आताच? वाचा ना, काय लिवलं ते!"

जमादारानं कागदाकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. तेच नाक, तेच कपाळ... आंधळ्यालाही कळलं असतं. तरी तो हळू आवाजात वाचू लागला, "मला मूलबाळ नाही, मी एकटी राहते, दारू मी स्वतः विक्रीसाठी..."

"बस. तेच खरं हाय. आणा इकडं." तिनं पेन मागून घेतलं. आदेशनंच कधीकाळी पाटीवर शिकवलेली सही, एकेक अक्षर जोडत, तिनं त्या कागदाखाली केली. सुकरी तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली होती. ती सगळं जाणत होती आणि आता तिलाही बोलायची सोय राहिली नव्हती.

आदेश फरशीवर कोसळला, भागीरथेची दोन्ही पावलं त्यानं छातीशी धरली आणि लहान मुलासारखा तो हमसून हमसून रडू लागला. शिपायांनी माना फिरवल्या.

अखेर जमादारच खाकरला. त्याला विचारावं लागणारच होतं.

"काहो बाई... ओळख नाई म्हणता, मंग हा पाया काऊन पडून राह्यला तुमच्या?"

भागीरथेनं पावलं मागं ओढली नाहीत. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली पडत होतं, पण आवाज मात्र तिनं सरळ ठेवला.

"नवरदेव हाय साहेब. आजच्या दिवशी नवरदेव दिसंल त्या म्हातारीच्या पाया पडते."

जमादारानं कागद घडी करून फायलीत ठेवला. "बरं," तो म्हणाला, "मंग द्या आशीर्वाद, अन् जाऊ द्या त्याले."

भागीरथेनं आपला हात आदेशच्या केसांवरून एकदा, हळूच फिरवला.

"सुखी राहा बापा," ती म्हणाली. "जा आता तुमी. तुमची नवरी वाट पाहून राह्यली असंल."

त्यानं मान वर केली नाही. सुकरीनंच त्याला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर गाडीपर्यंत नेलं.